फॉरमॅट मारण्याआधी...

२०२५ च्या भाऊबीजेची रात्र. जेवणं आटोपली होती, भांडी घासायची राहिली होती, आणि बाहेरच्या खोलीत आमचा पुतण्या कॉम्प्युटरपुढे बसून सांगत होता, "काकू, दहा मिनिटांचं काम आहे गं, तू बघच!" मैत्रिणींनो, 'दहा मिनिटांचं काम' हे शब्द घरातल्या पुरुषमाणसाच्या तोंडून आले की आपण सावध व्हावं, हे मला पन्नाशी ओलांडल्यावरही कळलेलं नव्हतं. मी आपली कौतुकाने चिवड्याची वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि भांड्यांकडे वळले.

त्या दहा मिनिटांनी माझे पुढचे चार दिवस खाल्ले. पण त्या चार दिवसांत जे शिकले, ते आपल्यासारख्या गावातल्या बायकांना सांगितलंच पाहिजे असं वाटलं, म्हणून यावेळी हा विषय. कॉम्प्युटर म्हटलं की पान उलटू नका. गोष्ट मशीनची कमी आणि आपलीच जास्त आहे.

आमचा कॉम्प्युटर २०१४ सालचा. गावातल्याच दुकानातून जुळवून घेतलेला, तेव्हा त्यात विंडोज सेव्हन होतं. पुढे २०१६ मध्ये फुकटात विंडोज टेन मिळत होतं, ते टाकून घेतलं. आणला होता मुलाच्या अभ्यासासाठी. मुलगा शिकून पुण्याला गेला, त्याचा लॅपटॉप आला, आणि हा डबा माझ्या वाट्याला आला. आपल्याकडे घरातल्या कितीतरी वस्तू अशाच वापरून झाल्यावर बाईच्या होतात! पण मला त्याचा चांगला उपयोग झाला. २००५ साली हौसेने एमएस-सीआयटी केलं होतं, ते सर्टिफिकेट कपाटात पडून होतं. आमच्या बचत गटाची मी सचिव. बारा जणी, महिन्याला दोनशे रुपये बचत, शिवाय अंतर्गत कर्जं, व्याज, हप्ते. तीन वर्षांचा सगळा हिशेब मी एक्सेलमध्ये घालून ठेवला होता. रजिस्टर कागदावरही असतं, पण कोणाचं व्याज किती आणि मुद्दल किती हे सगळं त्या एका फाइलमध्ये. महिनाअखेर बँकेत कर्जाच्या नूतनीकरणासाठी तेच कागद द्यायचे होते.

आणि आणखी एक गोष्ट त्यात होती. माझी आई. म्हणजे तिच्या आवाजातल्या ओव्या. २०२१ मध्ये ती माझ्याकडे राहायला होती तेव्हा दुपारच्या वेळी मी तिला बोलतं करायची आणि मोबाइलवर रेकॉर्ड करायची. त्रेचाळीस रेकॉर्डिंग्ज झाली होती. मोबाइल भरला म्हणून ती कॉम्प्युटरमध्ये टाकली. पुढच्याच पावसाळ्यात तो मोबाइल पाण्याच्या बादलीत पडला. २०२३ मध्ये आई गेली. त्या ओव्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. हे मी आज कबूल करते आहे, कारण माझ्यासारखा शहाणपणा करणाऱ्या तुमच्यातही असतील.

बरं, चालणाऱ्या कॉम्प्युटरला हात लावायची गरज काय होती? तर १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज टेनची देखभाल थांबवली. २९ जुलै २०१५ ला आलेली ही सिस्टिम, तिला दहा वर्षं झाली. थांबवली म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला असं नाही. तो चालूच राहतो. पण नवे व्हायरस, नव्या चोरवाटा सापडल्या की त्यावर कंपनी जी मलमपट्टी पाठवते ती येणं बंद. घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्यांनी जाहीर केली होती, पण तिच्यासाठी नोंदणी करावी लागते. आमच्या पडद्यावर रोज ती सूचना यायची. आणि मी त्याच मशीनवर बँकेचं काम करते.

पुतण्याने आधी विंडोज इलेव्हन टाकता येतं का ते पाहिलं. येत नव्हतं. त्याला बोर्डवर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही बराच नवा, साधारण २०१७-१८ नंतरचा लागतो. आमचा डबा त्यात कुठे बसणार? नवीन घ्यायचा तर पस्तीस-चाळीस हजार. मग त्याने सुचवलं, "काकू, लिनक्स टाकू. फुकट आहे, जुन्या मशीनवर छान चालतं, आणि तुझं विंडोजही शेजारी राहील."

लिनक्सबद्दल दोन शब्द. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली, आणि मग जगभरच्या हजारो लोकांनी ते वाढवलं. ते कोणालाही घेता येतं, वाटता येतं. आपल्या सी-डॅकने त्यावरच 'बॉस' नावाची भारतीय सिस्टिम तयार केली. केरळातल्या सरकारी शाळांत मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात. तेव्हा पुतण्याची कल्पना मुळीच चुकीची नव्हती. चुकलं ते दुसरंच.

त्याने पेनड्राइव्हवरून 'लिनक्स मिंट' टाकायला घेतलं. डिस्कवर थोडी जागा करून झाली, फाइल्स उतरायला लागल्या. आणि वीज गेली. घरात इन्व्हर्टर आहे, त्यामुळे दिवे, पंखे चालू राहिले, पण विजेवरून बॅटरीवर जाताना जो क्षणाचा 'टुक' होतो ना, तेवढ्यात कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू झाला. काम अर्धवट राहिलं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, पुतण्याची सकाळी सहाची एसटी. "काकू, काळजी करू नकोस, मी तिथून फोनवर सांगतो," म्हणाला आणि झोपला. मी भीतीने बोर्डावरचं बटण बंद केलं, वर प्लगही काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्लग लावला, बटण दाबलं. काळा पडदा, आणि वर इंग्रजीत एक ओळ. 'नो बूटेबल डिव्हाइस.' म्हणजे सुरू करण्याजोगं काही सापडत नाही.

ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "चांगला चालत होता. तुला कोणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला?" आता उद्योग केला त्यांच्या भावाच्या मुलाने. पण ऐकून घ्यायचं कोणी? असो.

पुतण्याचा फोन लागेना, तो वर्गात. शेवटी ह्यांच्या स्कूटरवर डबा ठेवून दुकानात नेला. दुकानदाराने मशीन लावलं, ओळ वाचली, आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला. "फॉरमॅट मारावा लागेल. पंधराशे होतील. संध्याकाळी घेऊन जा."

"आणि आतलं?"

"आतलं काही राहणार नाही, मॅडम."

"काढून घेता येणार नाही का आधी?"

"त्याचे वेगळे पैसे. आणि गॅरंटी देत नाही."

त्याच्यापुढे पाच-सहा मशीन उघडी पडलेली होती, दिवाळीची गर्दी होती. त्याचाही दोष म्हणवत नाही. लोक येतात, 'लवकर करून दे' म्हणतात, आणि फॉरमॅट हे त्याच्यासाठी सगळ्यात लवकर होणारं काम. पण मला काय झालं कोण जाणे, मी डबा उचलला आणि म्हटलं, "राहू द्या. घरी नेते." ह्यांनी रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत.

घरी येऊन रडले थोडी. खोटं कशाला सांगू? त्रेचाळीस ओव्या डोळ्यांपुढे येत होत्या.

संध्याकाळी गटातल्या एक ताई हप्त्याचे पैसे द्यायला आल्या. माझा चेहरा बघून विचारलं, मी सगळं सांगितलं. तर त्या सहज म्हणाल्या, "अहो, मग आमच्या मुलीला विचारा की! आयटीआयमधून कोपा ट्रेड केलाय तिने." कोपा म्हणजे कॉम्प्युटर चालवायचं आणि प्रोग्रॅमिंगला मदत करायचं शिक्षण. दोन गल्ल्या सोडून राहणारी मुलगी. लग्नसमारंभात भेटते, हळदीकुंकवाला येते. पण कॉम्प्युटर बिघडला तेव्हा मला आठवला पुतण्या, मग दुकानदार, मग शेजारच्यांचा बारावीतला मुलगा. ही मुलगी एकदाही आठवली नाही! 'बायकांना यातलं काय कळतं' असं पुरुष म्हणतात म्हणून आपण चिडतो. पण ते वाक्य माझ्याच डोक्यात किती घट्ट बसलं होतं ते मला त्या संध्याकाळी समजलं.

ती आली ती वही-पेन घेऊन. मशीनला हात लावण्याआधी तिने मला खाली बसवून प्रश्न विचारले, एखादा जुना फॅमिली डॉक्टर विचारतो तसे. काम कुठपर्यंत आलं होतं? डिस्कवर जागा करून झाली होती का? वीज गेल्यावर पडद्यावर काय दिसलं? नंतर प्लग कोणी काढला? आणि मग एक भलताच प्रश्न. "मावशी, गेल्या काही महिन्यांत कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडत होतं का?"

पडत होतं! मी दोनदा नीट केलं होतं आणि सोडून दिलं होतं.

ती हसली आणि म्हणाली, "मग मावशी, बहुतेक तुमचं काही गेलेलं नाही. पण आधी सामान बाहेर काढू, मग दुरुस्ती."

हे तिचं वाक्य मला फार आवडलं. घर गळत असेल तर आपण आधी धान्याचे डबे, गाद्या हलवतो, मग गवंड्याला बोलावतो. तिने मला समजावलं ते असं. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे घरातली कर्ती बाई. दार उघडणं, सामान काढून देणं, कोण आलं-गेलं बघणं, सगळं तिच्याकडे. ती आजारी पडली तर घर ठप्प होतं. पण म्हणून डब्यातलं धान्य नाहीसं होत नाही, ते जागच्या जागी असतं. काढून देणारं कोणी नसतं इतकंच. फॉरमॅट म्हणजे मात्र सगळे डबे रिकामे करून घासून ठेवणं. बाई आजारी म्हणून डबे कशाला रिकामे करायचे?

मग तिने तोच पेनड्राइव्ह लावला. मशीन सुरू करताना एफ १२ दाबलं, (कुठल्या मशीनवर एस्केप असतं, कुठे आणखी काही, ते सुरू होताना पडद्याच्या खालच्या बाजूला लिहिलेलं असतं), आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडला. दोन मिनिटांत हिरवट रंगाचा छान पडदा समोर आला. लिनक्सची ही एक गंमत आहे. कॉम्प्युटरमध्ये न टाकताही ते नुसतं पेनड्राइव्हवरून चालतं. डिस्कला धक्का लागत नाही. पडद्यावर 'इन्स्टॉल' असं एक चित्र असतं, त्याला तेवढा हात लावायचा नाही. तिने फाइल्सचं कपाट उघडलं, डावीकडे आमची जुनी डिस्क दिसत होती. आत 'युजर्स', त्याच्या आत माझं नाव. आणि त्यात माझे फोल्डर. बचत गट. पाककृती. आई.

"एखादं लावून बघा ना," ती म्हणाली. मी पहिलंच लावलं. आधी पंख्याची घरघर, मग आईचं खाकरणं, आणि मग तिचा आवाज. ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. आम्ही तिघं तशीच ऐकत बसलो.

मग सगळं मुलाच्या जुन्या बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवलं. पाऊण तास लागला. तीन-चार फाइल्स उघडून नीट उतरल्यात ना ते पाहिलं. ते झाल्यावरच ती दुरुस्तीकडे वळली.

आता खरा दोष काय होता ते ऐका. कॉम्प्युटरच्या मोठ्या बोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. वीज नसतानाही तारीख-वेळ आणि मशीन कसं सुरू करायचं याच्या सूचना त्याच्या जोरावर टिकतात. पाच-सात वर्षांत तो संपतो. आमचा तर अकरा वर्षांचा. घड्याळ मागे पडत होतं ते त्यामुळेच. पण इन्व्हर्टरमुळे आमचं बोर्डावरचं बटण वर्षानुवर्षं चालूच असे, म्हणून मशीनला थोडी वीज मिळत राही आणि सूचना टिकून राहत. त्या रात्री मी प्लग काढला आणि सगळ्या सूचना पुसल्या गेल्या. तारीख थेट १ जानेवारी २०१४ वर! आणि त्याबरोबर 'जुन्या पद्धतीने सुरू हो' ही सूचनाही गेली. मशीन सुरू होण्याच्या दोन पद्धती असतात, जुनी 'लेगसी' आणि नवी 'यूईएफआय'. आमचं विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेलं. सूचना पुसल्यावर बोर्ड नव्या पद्धतीने शोधायला लागला आणि त्याला काहीच सापडेना. म्हणून ती ओळ.

आणि अर्धवट राहिलेलं लिनक्स? त्याने विंडोजचं काहीही बिघडवलं नव्हतं. सुरू होण्याची किल्ली बदलण्याचं काम हे इन्स्टॉलर अगदी शेवटी करतं, आणि तिथपर्यंत ते पोहोचलंच नव्हतं.

तिने सेटिंगच्या पडद्यात जाऊन तारीख घातली, 'लेगसी' निवडलं, एफ १० दाबून जतन केलं. मशीन सुरू झालं आणि डिस्क तपासायला लागलं. टक्के पुढे सरकत होते. माझा जीव वर-खाली. "होऊ द्या मावशी, डिस्कवरची जागा बदललीये म्हणून ते तपासतंय. मध्ये बंद नका करू." वीस मिनिटांनी माझं नेहमीचं विंडोज समोर आलं, देवीच्या फोटोसकट.

दुसऱ्या दिवशी सेल आणला. चाळीस रुपये. चाळीस रुपयांच्या सेलसाठी मी माझ्या आईचा आवाज पुसायला निघाले होते.

पुढच्या रविवारी तिने आणि मी मिळून लिनक्स पुन्हा टाकलं. यावेळी सगळी बटणं मी दाबली, ती फक्त शेजारी बसली. आधी इन्व्हर्टरच्या मागचं बटण 'यूपीएस मोड'वर केलं. त्याने विजेवरून बॅटरीवर जाणं इतकं पटकन होतं की कॉम्प्युटरला कळतही नाही. ते बटण आमच्या इन्व्हर्टरला पहिल्यापासून होतं, कोणी सांगितलंच नव्हतं! मग उतरवून घेतलेली फाइल पूर्ण आणि धड आहे का ते तपासलं. संकेतस्थळावर त्या फाइलची एक लांबलचक आकडे-अक्षरांची खूण दिलेली असते, आपल्या फाइलची खूण तिच्याशी जुळली की झालं. पेनड्राइव्ह सुरू करताना यादीत तो दोनदा दिसतो, एकापुढे 'यूईएफआय' लिहिलेलं असतं. आमचं विंडोज जुन्या पद्धतीचं, म्हणून आम्ही तसं न लिहिलेला निवडला. दोन्ही सिस्टिम एकाच पद्धतीने असल्या की भांडत नाहीत. अर्ध्या तासात काम झालं. आता मशीन सुरू केलं की मला विचारतं, कुठे जायचं? बँकेच्या कामाला मी लिनक्समध्ये जाते. एक्सेलची फाइल तिथल्या लिबर ऑफिसमध्ये उघडते. मराठी टायपिंगही होतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं मात्र तिथे वाचता येत नाहीत, तेवढ्यासाठी विंडोज ठेवलंय, आणि तिथे इंटरनेट लावत नाही.

तुमच्या घरी असं काही झालं, तर माझ्या वहीतल्या या गोष्टी लक्षात ठेवा.

पहिलं, थांबा. इन्स्टॉल अर्धवट राहिलं की घाबरून पुन्हा-पुन्हा तेच करून बघू नका. डिस्कवर नवं काही लिहिलं गेलं की जुनं परत मिळण्याची आशा कमी होते.

दुसरं, पडद्यावरची ओळ जशीच्या तशी लिहून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा. 'बंद पडलं' असं सांगितलं तर कोणालाच काही कळत नाही. 'पोटात दुखतंय' एवढ्यावर डॉक्टर तरी काय करणार? उदाहरणार्थ, विंडोज टाकताना 'एमबीआर' आणि 'जीपीटी' हे शब्द असलेली ओळ आली, तर ते मी वर सांगितलेलं जुन्या-नव्या पद्धतीचंच भांडण असतं. अशा वेळी डिस्क पुसायला सांगणारा सल्ला लगेच ऐकू नका.

तिसरं, साध्या गोष्टी आधी. वायर सैल आहे का? तारीख बरोबर आहे का? पेनड्राइव्ह दुसऱ्या ठिकाणी लावून पाहिला का? डिस्कवर जागा आहे का? बऱ्याचदा फाइल अर्धवट उतरलेली असते किंवा पेनड्राइव्हच खराब असतो. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी काम अडत असेल, तर रॅम तपासून घ्या.

चौथं, आधी डेटा, मग फॉरमॅट. दुकानात मशीन देताना हे चिठ्ठीवर लिहून द्या. 'माझ्या परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये.' शिंप्याकडे कापड देताना आपण माप लिहून देतो, मग इथे का लाजायचं? आणि दुकानदाराने फुकटात 'डुप्लिकेट' विंडोज टाकून देतो म्हटलं तर नको म्हणा. त्याबरोबर काय काय घरात येतं ते सांगता येत नाही.

पाचवं, नवा लॅपटॉप असेल तर आणखी एक खबरदारी. विंडोज इलेव्हनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्कला आपोआप कुलूप लागलेलं असतं. त्याची किल्ली, म्हणजे 'रिकव्हरी की', आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. काही बदल करण्याआधी ती कागदावर उतरवून ठेवा. ती नसेल तर आमच्यासारखं पेनड्राइव्ह लावून सामान बाहेर काढता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रती. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आईच्या ओव्या आता कॉम्प्युटरमध्ये आहेत, हार्डडिस्कवर आहेत, आणि एक पेनड्राइव्ह धाकट्या बहिणीच्या घरी आहे. लोणचं आपण एकाच बरणीत कधी ठेवतो का? बुरशी आली तर सगळंच जाईल म्हणून दोन बरण्या करतो. हे शहाणपण आपल्याला उपजत आहे. ते फक्त स्वयंपाकघराच्या बाहेर नेलं नव्हतं.

पुतण्यावर माझा राग नाही. त्याने फोनवर चारदा 'सॉरी काकू' म्हटलं. पण त्याला मी एक गोष्ट सांगितली, आणि ती घराघरातल्या मुलांना, नवऱ्यांना, दिरांना सांगायला हवी. मशीन कोणाचं, हे ते कोणी विकत घेतलं यावरून ठरत नाही. त्यात काम कोणाचं आहे यावरून ठरतं. हात लावण्याआधी त्या माणसाला विचारा, 'तुझं यात काय काय आहे?' त्याने मला हे विचारलं नव्हतं. दुकानदारानेही विचारलं नाही. विचारलं ते त्या आयटीआयच्या मुलीने.

आणि आपणही सांगायला शिकलं पाहिजे. 'त्यात काय, माझे थोडे हिशेब आहेत' असं म्हणून आपण आपलंच काम लहान करतो. बारा बायकांच्या घामाचे पैसे आहेत त्यात, असं मी त्या रात्री म्हटलं असतं, तर पुतण्याने आधी प्रत काढली असती.

त्या मुलीला मी पाचशे रुपये दिले. घेत नव्हती. "मावशी, आपल्यात कसले पैसे?" मी म्हटलं, "दुकानात पंधराशे देणार होते, तेव्हा नाही वाटलं काही. तू शिकलीस, त्याचे हे पैसे आहेत." हळदीकुंकवाचं वाण वेगळं आणि कामाची मजुरी वेगळी. आपल्या मुलींचं कसब आपणच फुकट समजलो, तर दुसरे कशाला मोल देतील?

आता गटाच्या दर पाच तारखेच्या बैठकीत शेवटची पंधरा मिनिटं तिची असतात. पहिल्या बैठकीत तिने सगळ्यांना मोबाइलमधल्या फोटोंची प्रत कशी काढायची ते दाखवलं. बैठक संपल्यावर गटातल्या सत्तरीच्या आजी मागे थांबल्या. त्यांच्या मालकांचा एकच फोटो, तोही जुन्या मोबाइलमध्ये, मोबाइलची बॅटरी फुगलेली. तिने मोबाइल चार्जिंगला लावू दिला नाही. उरलेल्या बॅटरीत लगेच फोटो काढून घेतला आणि मोबाइल बंद करायला सांगितला.

तुमच्या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये, मोबाइलमध्ये असं काय आहे ज्याची दुसरी प्रत नाही? आज दुपारी, कामं आटोपल्यावर, तेवढं एकदा बघा.